ओंडका फुटायच्या आत

16 मे 2021. तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे सरकलं आणि जाता जाता आमच्या परसातला फणस मुळासकट आडवा करून गेलं. लॉकडाऊनमुळे मी तेव्हा गावीच होतो. झाड पडलं ते नशिबाने विहिरीच्या बाजूला, घरावर नाही. अंगावर वीसेक फणस होते. त्यांचे गरे पुढचे दोन दिवस वाडीभर तळले जात होते. वीज नव्हती, फोन मेले होते, करायला दुसरं काही नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी तलाठ्याचा पंचनामा झाला. फणस हे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड, उभं असताना परवानगीवाचून त्याला करवत लावता येत नाही. पडल्यावर मात्र त्याला कोणी विचारत नाही. चौथ्या दिवशी कटरवाला आला, मशीनमध्ये पेट्रोल ओतलं आणि त्याने विचारलं, “केवढे तुकडे करू?” त्या आठवड्यात तो प्रत्येक परसात हाच प्रश्न विचारत होता आणि प्रत्येक परसातून त्याला एकच उत्तर मिळत होतं: चुलीत जातील एवढे. माझ्याही तोंडी तेच आलं असतं. पण गडग्यापलीकडून आवाज आला, “ह्यो फणस जळणात घालशात तर पाप लागतला!”

ते मेस्त्री होते. कोकणात सुताराला मेस्त्रीच म्हणतात, पण हे खरे कातारी. लाकूड फिरतं ठेवायचं, त्यावर पटाशी टेकवायची आणि गोल वस्तू काढायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब, देवघराचे कातीव खूर. स्टीलची भांडी आणि मिक्सर आल्यावर काम आटलं. आता हॉटेलवाल्यांसाठी आणि पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांसाठी ते लाकडी वाडगे करतात. वाडगा लाटण्याहून सोपा असेल असं मला वाटायचं. गोलच तर करायचं! दोन्हींतला फरक मला त्या दिवशी कळला, तोही लेथ बघून नाही, करवत बघून.

लाटण्यात लाकडाच्या उभ्या रेषा लाटण्याच्या लांबीतून जातात. झाड जसं उभं होतं, तसंच ते लेथच्या दोन टोकांत धरायचं. वाडग्याचं तसं नाही. वाडग्यासाठी ओंडका लांबीत दुभंगायचा आणि त्या अर्धुकाची चिरलेली सपाट बाजू लेथकडे करायची, म्हणजे रेषा वाडग्यातून आडव्या जातात. कोणी ओंडक्याची नुसती आडवी चकती कापली आणि त्यातून ताट काढायला गेला, तर महिन्याभरात त्या ताटाला मधोमध चीर गेलेली दिसेल. लग्नाच्या मंडपात सजावटीला ठेवतात त्या चकत्या आठवा. बहुतेकींना मधून कडेपर्यंत एक भेग गेलेली असतेच.

ही भेग का पडते, ते समजलं की अर्धं कातकाम समजलं. ओलं लाकूड दोन तऱ्हेने पाणी धरून ठेवतं. काही पाणी तंतूंच्या पोकळीत असतं, काही त्यांच्या भिंतींत मुरलेलं. पोकळीतलं पाणी आधी जातं आणि तोवर लाकडाच्या आकाराला काही होत नाही. कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांवर ओल उतरली की भिंतींतलं पाणी सुटू लागतं आणि लाकूड आकसायला लागतं. गंमत अशी की ते सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. मधून सालीकडे जाणाऱ्या दिशेने, ढोबळ मानाने, 4 टक्के. आणि वाढीच्या कड्यांच्या घेराने त्याच्या दुप्पट. म्हणजे घेर जेवढा कमी व्हायला बघतो तेवढी त्रिज्या कमी होत नाही. वर्तुळ पुरं करायला लाकूडच उरत नाही, मग ते कुठेतरी उघडतं. जिथून उघडतं ती जागा बहुधा ठरलेली: झाडाच्या अगदी मधली, पेन्सिलीएवढी मऊ नळी. पुस्तकात तिला भेंड म्हणतात. मेस्त्री नुसतंच “मधलो” म्हणतात.

“मधलो काढलंस नाय तर भांडा फुटतलाच.”

हे त्यांनी कटरवाल्याला सांगितलं आणि त्याने मशीन बंद केलं. आपल्या कामात कोणी अक्कल शिकवलेली कोणालाच आवडत नाही. पण मेस्त्रींनी त्याच्या हातात करवंटीतला गेरू दिला आणि त्यालाच दोरी धरायला सांगितली. खोडाचा बुंध्याजवळचा भाग 16 इंच जाड भरला. मेस्त्रींनी लांबी घेतली 18 इंच. वाडगा 14 इंची निघणार होता, दोन्ही टोकांना दोन-दोन इंच चिरांसाठी सोडले. तोडलेल्या तोंडातून ओल सालीकडच्या बाजूपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने उडते, त्यामुळे टोकं फाटणारच. ती फाटण्यासाठीच ठेवायची. आमच्या दोन फुटी जळणाच्या हिशोबाने कापलं असतं, तर टोकं गेल्यावर एक वाडगा निघाला असता आणि उरलेल्या तुकड्यात दुसरा बसला नसता. बहुतेक वाया जातं ते असंच.

मग तोंडावर दोन रेघा मारल्या, भेंडाच्या अलीकडे एक इंच आणि पलीकडे एक इंच. ओंडका सालीवर आडवा ठेवला, खाली दोन्हीकडून फांद्यांच्या पाचरी दिल्या. नवखा माणूस ओंडका उभा करून वरून पातं घालतो, तेव्हा साखळी तंतूंच्या तोंडांवर घासते, पीठ पडतं, मशीन तापतं. मेस्त्रींनी पातं ओंडक्याच्या लांबीला समांतर धरायला लावलं. त्याबरोबर मशीनच्या पोटातून पिवळ्या धमक शेवया बाहेर पडू लागल्या. खरंच शेवया, वीत-वीत लांब. दर दोन मिनिटांनी मशीन थांबवून त्या बोटांनी उपसाव्या लागत होत्या. फणसाच्या आतल्या लाकडाचा पिवळा इतका पक्का असतो की थायलंडातले अरण्यवासी भिक्खू आपली वस्त्रं त्याच्या काढ्यात रंगवतात. आमच्या अंगणाला तो रंग पाऊस लागेपर्यंत होता.

दुसऱ्या रेघेवर साखळी खणकन वाजली. खिळा. कधीकाळी कोणीतरी कपड्यांच्या दोरीसाठी ठोकला असणार, झाडाने तो चार बोटं आत गिळला होता. परसातल्या झाडाला वखारवाला हात लावायला का नाखूश असतो, ते तेव्हा कळलं. कटरवाल्याने साखळी काढून कानस घेतली आणि अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही.

दोन चिरा पूर्ण झाल्यावर तीन भाग पडले. बाजूचे दोन अर्धगोल, ते वाडग्यांचे. मधली दोन इंची फळी बिनकामाची असेल असं मी समजलो होतो. मेस्त्रींनी तिच्यातूनच भेंडाची पट्टी काढून टाकली आणि उरलेल्या दोन तुकड्यांवर हात फिरवला. या फळीत वाढीच्या कड्या जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे ती वाळताना वाकत नाही, नुसती जराशी अरुंद होते. पोळपाट करावा तर याच फळीचा. बाजारातला पोळपाट दोन पावसाळ्यांत डुगडुगतो, कारण तो सालीजवळच्या फळीतून काढलेला असतो. माझ्या मते हा एवढा एक मुद्दा प्रत्येक घरात माहीत असायला हवा. पोळपाट घेताना कडेला बघा: रेषा उभ्या असतील तर घ्या, कमानीसारख्या वाकलेल्या असतील तर ठेवून द्या.

अर्धगोलांचे कोपरे मग उडवले. कागदाची गोल चकती खिळ्याने मधोमध टेकवायची, भोवती कोळसा ओढायचा आणि बाहेरचं मशीनने छाटायचं. सालीची बाजू तळाला, भेंडाची बाजू तोंडाला. त्यात एक छोटासा सौदा असतो. सालीलगतचं फिकट कच्चं लाकूड भुंग्याला आवडतं. ते पूर्ण काढलं तर वाडगा उथळ होतो, ठेवलं तर दोन वर्षांनी टेबलावर पिठाची ढिगुळी दिसते. मेस्त्री काढतात.

फांद्यांचं मात्र त्यांनी काही घेतलं नाही. आडव्या वाढलेल्या फांदीत ताण असतो, भेंड मध्यावर नसतं आणि वाळताना लाकूड कुठे वळेल याचा नेम नसतो. घेतलं ते एकच बेचकं, जिथे खोड दोन झालं होतं. तिथे रेषा एकमेकींत शिरतात आणि कापल्यावर मोरपिसासारखी नक्षी निघते. जळण फोडणाऱ्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बेचकं, कुऱ्हाड तिथेच अडकते.

संध्याकाळपर्यंत सात ठोकळे झाले. त्याच संध्याकाळी प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना मेण वितळवून फासलं. पूर्वी शेणमाती लिंपायचे, जुना ऑइलपेंटही चालतो. हेतू एकच, तोंडातून ओल घाईने जाऊ नये. मी हौसेने एक अख्खा ओंडका, भेंडासकट, स्टूल म्हणून ओसरीवर ठेवून घेतला होता. मेण लावायचा कंटाळा केला. मेस्त्री काही बोलले नाहीत. नवव्या रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर चीर करंगळी जाईल एवढी.

लेथवरचं काम त्या मानाने लवकर उरकलं. पूर्वी दोरी ओढायला एक माणूस लागायचा. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरायचं आणि पटाशी एकाच फेरीला लागायची. आता मोटर आहे. ओल्या फणसाचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत गेले, चीक हाताला चिकटत होता. पण पहिल्या खेपेला वाडगा पुरा करायचाच नसतो. जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची, 14 इंचांना दीड इंचाला थोडी कमी, आणि वाळायला द्यायचा. वाळताना तो लंबगोल होतो. आडव्या बाजूने अर्धा-पाऊण इंच सहज आत येतो. ती जाडी असते म्हणून दुसऱ्या खेपेला पुन्हा गोल काढता येतो. मेस्त्रींनी सातही वाडगे त्यांच्याच भुशात, गोणपाटात भरून खाटेखाली सरकवले. कोकणातला पावसाळा यात मित्रही आहे आणि शत्रूही: हवा दमट म्हणून चीर पडत नाही, पण बुरशी चढते. दर पंधरा दिवसांनी भुसा बदलायचा. गणपती झाल्यावर गोणपाट चुलीवरच्या माळ्यावर गेलं. वाळले कधी समजायचे? तराजूवर. दोन महिने वजन हललं नाही की वाळले.

सावंतवाडीच्या चितार आळीत लाखेच्या रंगांची खेळणी बघताना हे करवतीचं गणित डोक्यात येत नाही. तिथल्या खेळण्यांना पांगारा चालतो. तो हलका आणि मऊ असतो, आणि वस्तू लहान असल्याने आकसण्याचा जाच कमी. कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं पांढरं, चिकण लाकूड वापरतात. त्याची खोडं बारीक असतात, म्हणून तिथे सगळं उभ्या रेषेत कातलं जातं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाने ती वितळते, मग केवड्याच्या पात्याने चकाकी द्यायची. दक्षिणेत मृदंगमचं खोड आणि तंजावरची वीणा मात्र फणसाची. झाड आणि वस्तू यांची गाठ आधी करवतीत पडते, रंग नंतर येतो.

आमच्या फणसातून सहा वाडगे निघाले, सातव्यात एक आतली गाठ सुटली. दोन पोळपाट निघाले, त्यांतला एक आमच्याकडे आहे आणि अजून डुगडुगत नाही. बाकीच्या खोडाचं जळणच झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या आठवड्यात आमच्या वाडीत आणखी बरीच झाडं पडली होती, त्यांत आंबे होते, फणस होते, एक शिवण होती. त्यांचे सगळ्यांचे दोन-दोन फुटी तुकडे झाले. मेस्त्री प्रत्येक परसात पोचले नाहीत. त्यांचं वय झालंय आणि त्यांच्या लेथवर त्यांच्यानंतर कोणी उभं राहणार नाही.

तुमच्या परसात झाड पडलं तर एवढं करा. कटरवाल्याला खोडाचे तुकडे करू देऊ नका, पाच-सहा फुटांचे ओंडके तसेच राहू द्या. तोंडांना त्याच दिवशी मेण, नाहीतर घरात असेल तो ऑइलपेंट फासा. ओंडके सावलीत, जमिनीपासून वर, दगडांवर ठेवा. खिळे कुठे ठोकले होते ते आठवत असेल तर तिथे खडूने खूण करा. आणि मग जवळच्या कातारी मेस्त्रीला निरोप धाडा. तो महिन्याभरात आला तरी चालेल.