मंजुळेंचे दोन शेवट

(पुढे दोन्ही शेवट फोडलेत. सिनेमे पाहिले नसतील तर आधी पाहून या!)

'सैराट' (२०१६) म्हटलं की अजय-अतुलची गाणी आठवतात. पण दिग्दर्शक नागराज मंजुळे शेवटी संगीतच काय, आवाजसुद्धा काढून घेतात. नायिका आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा करते. तिचा नि नवऱ्याचा खून होताना दिसत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं त्यांचं पोर परत येतं, रडतं, पण ते रडणं आपल्याला ऐकू येत नाही. रक्ताने माखलेली इवली पावलं तेवढी दाराबाहेर उमटत जातात. न दाखवलेलं आपलं डोकं स्वतःच रचत बसतं, म्हणून तर ते पुसता येत नाही.

'फँड्री'त (२०१३) मात्र सगळं उघड्यावर. डुक्कर काठीला बांधून नेणारा नायक जब्या, मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. मग तो चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर! पडदा काळा. तोवर आपण त्याच्या बाजूने आहोत असं वाटत होतं, प्रत्यक्षात बघ्यांतच उभे होतो.

गाजला 'सैराट'चा शेवट, पण माझ्या मते 'फँड्री'चा सरस. पटत नसेल तर खुशाल भांडा.