मुका कॉम्प्युटर

मुलांनो, तुमच्या घरात माळ्यावर किंवा दिवाणाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा म्हातारा कॉम्प्युटर आहे का? पाठीला पोक आलेला मॉनिटर, पिवळट पडलेला कीबोर्ड आणि जवळजवळ शाळेच्या दप्तराएवढा पत्र्याचा डबा? असेल तर भंगारवाल्याची हाक ऐकून लगेच धावू नका. त्याच्या पोटात कोणाचा तरी आवाज असू शकतो, बरं का!

मी अमरावतीचा. गेल्या मे महिन्यात अकोल्याला आत्याबाईकडे गेलो होतो. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या मुलांना सांगायला नको. दुपारभर कूलरसमोरून कोणी हलत नाही. अशाच एका दुपारी आत्याबाई म्हणाली, "काहून रे, तुले कॉम्प्युटरमधलं समजते ना? मायचा आवाज आहे त्याच्यात. पण तो बोलूनच नाही राह्यला."

माय म्हणजे माझी आजी. २००० सालच्या उन्हाळ्यात ती अकोल्याला राहायला आली होती. आतेभाऊ तेव्हा कॉलेजात होता आणि घरात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता, विंडोज ९८ वाला. पोरानं हौसेनं साधा माइक लावून आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, ना कॅसेटवर, ना मोबाइलमध्ये.

ओळखीच्या एकानं मशीन पाहून सांगितलं होतं, "फॉरमॅट मारून टाका, सगळं नीट होईल." आत्याबाईनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. फार शहाणपणाचं काम केलं! फॉरमॅट करणं म्हणजे पाटी पुसणं. मशीन कदाचित बोललंही असतं, पण बोलायला त्याच्याजवळ काही उरलं नसतं.

आता आधी एक गोष्ट समजून घेऊ या. कॉम्प्युटरमध्ये आवाज राहतो तो आकड्यांच्या रूपात. आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. ती थरथर माइक विजेत बदलतो आणि साउंड कार्ड त्या विजेचं माप दर सेकंदाला हजारो वेळा घेऊन लिहून ठेवतं. गाण्याच्या सीडीवर हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं असतं. विंडोज ९८ मधला 'साउंड रेकॉर्डर' साधारण त्याच्या निम्म्यानं, म्हणजे २२,०५० वेळा घ्यायचा. शिवाय एका वेळी साठच सेकंदं भरायचा, मग आपोआप थांबायचा. साठ सेकंदांची ती फाईल सव्वा एमबीहून थोडी मोठी होई आणि १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत जेमतेम मावे. म्हणून आजीच्या ओव्या एका मोठ्या फाईलमध्ये नव्हत्या. एकेका मिनिटाचे तुकडे होते. आत्याबाई म्हणाली, "सात होते. मी मोजले होते."

वाजवताना हाच प्रवास उलटा होतो. डिस्कवरचे आकडे, ते वाचणारा प्रोग्रॅम, प्रोग्रॅमचं म्हणणं कार्डाला समजावून सांगणारा ड्रायव्हर, मग कार्ड, मग वायर, मग स्पीकर. साखळीतली एक कडी तुटली की सगळं मुकं! ती कडी शोधताना स्पीकरकडून आत डिस्ककडे यायचं. बाहेरच्या वस्तू तपासायला पैसे लागत नाहीत आणि त्यांच्यात चूक झाली तरी आतलं काही बिघडत नाही.

(खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी डिस्कची एक प्रत काढून ठेवायला हवी होती. माझ्याजवळ ती जोडायची केबल नव्हती आणि धीरही नव्हता. तुम्ही मात्र प्रत आधी काढा.)

मशीन सुरू करण्याआधी वायर काढून डबा उघडला. हे काम घरातल्या मोठ्या माणसासोबतच करायचं. आणि मागच्या बाजूचा पॉवर सप्लायचा डबा तर कोणीच उघडायचा नाही. वायर काढली तरी त्यात वीज साठून राहते. आत बोटभर धूळ होती. मऊ ब्रशनं झाडली. मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी फुगली आहेत का ते पाहिलं. नव्हती.

मग स्पीकर. त्याची पिन मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात घालून गाणं लावलं. ठणठणीत! म्हणजे स्पीकर आणि त्याची वायर निर्दोष.

पुढे कार्डाची भोकं. हिरवं म्हणजे स्पीकर, गुलाबी म्हणजे माइक ही रंगांची सोय १९९९ च्या सुमारास रूढ झाली. त्याआधीच्या कार्डांवर सगळी भोकं सारखीच आणि पत्र्यावर कोरलेली बारीक चित्रं. टॉर्च लावून पाहिलं, तर आमची पिन माइकच्या भोकात! घर रंगवताना कोणीतरी मशीन हलवलं असणार. पिन बदलली. तरीही शांतता.

आता पडद्याकडे वळलो. खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा स्पीकर दिसतो, त्यावर दोनदा टिचकी मारली की एकाऐवजी चार-पाच सरकपट्ट्या उघडतात. इथे बरेच जण फसतात. मुख्य पट्टी वर असते, पण 'वेव्ह' नावाची वेगळी पट्टी असते आणि तिच्याखाली 'म्यूट'चा चौकोन. 'वेव्ह' म्हणजे फाईलमधला आवाज, 'सीडी ऑडिओ' म्हणजे गाण्याच्या सीडीचा. म्हणून एक सोपी परीक्षा करता येते. गाण्याची सीडी वाजते पण फाईल वाजत नाही, तर दोष 'वेव्ह'च्या पट्टीत किंवा ड्रायव्हरमध्ये शोधा. फाईल वाजते पण सीडी मुकी, तर डब्याच्या आत सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी बारीक वायर निसटली असेल. नवीन मशीनमध्ये ती वायरच नसते, त्यामुळे हल्लीच्या मेकॅनिकच्या ती लक्षातही येत नाही.

आमच्या मशीनवर 'वेव्ह'खाली म्यूटची खूण होती. काढली, आणि आजीची पहिली फाईल लावली. स्पीकरमधून आलं, "प-प-प-प-प..." एकच अक्षर, अडकलेल्या टेपसारखं. मशीनही गोठलं. माउस हलेना.

आत्याबाईनं पदर तोंडाला लावला. मला मात्र मनातून आनंद झाला होता. का सांगू? एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजणं ही जुन्या साउंड कार्डाची ओळखीची खूण आहे. मी विचारलं, "आत्याबाई, आवाज केव्हापासून गेला?" ती म्हणाली, "इंटरनेट घेतलं ना बाप्पा आम्ही, तवापासूनच!"

बिघाड शोधताना हा प्रश्न विचारायला विसरू नका. त्याच्याआधी नवीन काय बसवलं? इंटरनेटसाठी बसवलं होतं नेटवर्क कार्ड.

मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला गाडी तुमच्या आजोबांना विचारा. अरुंद रुळांची, एकेरी मार्गाची. त्या एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या सोडल्या असत्या तर? कॉम्प्युटरमध्येही तसंच. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असलं की ते एका ठरलेल्या ओळीवरून हाक मारतं. या ओळींना आयआरक्यू म्हणतात. जुन्या मशीनमध्ये त्या ० ते १५ अशा सोळाच असत आणि कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांनी बऱ्याचशा आधीच अडवलेल्या. साउंड कार्डाची नेहमीची ओळ ५. लांब काळ्या खाचेत बसणाऱ्या आयएसए कार्डांना ओळ वाटून घेणं सहसा जमत नसे. साउंड कार्ड ओरडून सांगतं, "हा तुकडा संपला, पुढचा द्या!" पण ती हाक प्रोसेसरला पोचतच नाही. बिचारं कार्ड हातातला तुकडाच वाजवत बसतं.

खात्री कशी करायची? कंट्रोल पॅनेल, मग सिस्टिम, मग 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे साउंड कार्डाच्या नावाशेजारी पिवळं उद्गारचिन्ह होतं. उघडून पाहिलं तर दोन्ही कार्डं ५ वर! ओळ बदलून देता आली असती, पण त्या मशीनला आता नेटवर्क हवंच कशाला? मशीन बंद केलं, वायर काढली आणि नेटवर्क कार्ड उपसून ठेवलं. साउंड कार्डाची सोनेरी कडही स्वच्छ खोडरबरानं हलक्या हातानं पुसून घेतली. वऱ्हाडातल्या धुळीनं ती काळवंडते.

तुमच्या मशीनवर कदाचित दुसरंच काही निघेल. पडद्यावर संदेश आला की घाबरून लगेच 'ओके' दाबू नका. आधी वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या, आकड्यांसकट. 'एमएमसिस्टिम ००६' आला तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. '००४' आला तर कार्ड दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे. तेव्हाची बरीच कार्डं एका वेळी एकाच प्रोग्रॅमचं ऐकत, म्हणून बाकीचे बंद करून पाहा. 'इल्लीगल ऑपरेशन' वाचून तर आमच्या ओळखीच्या एका काकांना पोलीस येतील असं वाटलं होतं! तसं काही नसतं. प्रोसेसरला न करता येण्याजोगं काम प्रोग्रॅमनं सांगितलं, एवढाच त्याचा अर्थ. डॉसवरचा खेळ मुका असेल तर खेळाच्या 'सेटअप'मध्ये 'साउंड ब्लास्टर' निवडा, पत्ता २२०, ओळ ५, डीएमए १. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर काढलं आणि ते इतकं पसरलं, की पुढे दुसऱ्या कंपन्यांची कार्डंही आपण साउंड ब्लास्टरच असल्याची बतावणी करू लागली. त्याआधी बहुतेक पीसींजवळ होता तो फक्त डब्यातला 'बीप' करणारा छोटा स्पीकर.

बरं, आमचं काय झालं?

मशीन सुरू झालं. फाईल लावली. आधी खरखर, मग दूरवर कुकरची शिटी, आणि मग आजी. थोडं नाकातून, थोडं थांबत थांबत. आत्याबाई म्हणाली, "मायच आहे," आणि कूलर बंद करून टाकला. त्या उकाड्यात आम्ही सहा फाईली ऐकल्या.

सातवी मात्र नव्हती.

आता मी शहाणा झालो होतो. मशीन बंद केलं ते बंदच ठेवलं. डिस्कवर काही नवीन लिहिलं गेलं तर हरवलेलं पुसलं जाण्याची भीती असते. पुढच्या रविवारी अमरावतीहून जुनी डिस्क यूएसबीला जोडणारी केबल आणली. डिस्कला वेगळी वीज लागते, म्हणून अडॅप्टरसह आणली. माझ्या लॅपटॉपवर सगळ्या डिस्कची प्रत काढली आणि प्रतीतच शोध घेतला. एका कोपऱ्यात एक अनोळखी फाईल होती, 'फाईल००००', शेपूट 'सीएचके'.

भरून झालेली फाईल सेव्ह होत असतानाच लाइन गेली, तर तिचं नाव नोंदवायचं राहून जातं. मजकूर डिस्कवर असतो, पण बेवारस. वीज आल्यावर विंडोज ९८ 'स्कॅनडिस्क' चालवून असे बेवारस तुकडे गोळा करतं आणि त्यांना 'सीएचके' अशी नावं देऊन ठेवतं. लोक ती कचरा म्हणून पुसून टाकतात. मी त्या फाईलची आणखी एक प्रत केली, 'सीएचके' खोडून 'वेव्ह'चं शेपूट लावलं आणि वाजवून पाहिलं.

सातवी ओवी होती. साठ सेकंदं संपली तशी आजी ओळीच्या मध्येच थांबली. पुढचे शब्द आत्याबाईनं म्हटले, डोळे मिटून. तिला ते सगळे पाठ होते. मी घाईघाईनं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, पण पहिले दोन-तीन शब्द हुकलेच. तिला परत म्हणायला लावलं.

आता सात तुकडे आणि आत्याबाईचा आठवा, माझ्याकडे, तिच्या मोबाइलवर आणि पुण्याला आतेभावाकडे आहेत. जुना कॉम्प्युटर पुन्हा चादरीखाली गेला आहे, पण त्याची स्पीकरची पिन कोणत्या भोकात जाते ते मी खडूनं डब्यावर लिहून ठेवलं आहे.