चार पोस्टकार्डांवर उभी असलेली मोटार

स्पोर्ट्‌स कार विकत घेणारा गृहस्थ वर्षभराच्या आत जी पहिली तजवीज हाती घेतो, ती बहुधा इंजिनाची नसते, चाकांची असते. कारखान्याने बसवून दिलेली चाके त्याला लहान भासू लागतात, मडगार्डाच्या कमानीखाली राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना खुपू लागते, आणि मोठे रिम म्हणजे अधिक रुबाब व रुंद टायर म्हणजे अधिक पकड, असे दुहेरी समीकरण मनाशी बांधून तो टायरवाल्याच्या दुकानाची पायरी चढतो. रुबाबाविषयी वाद घालण्याचे प्रयोजन नाही, तो ज्याच्या त्याच्या अभिरुचीचा प्रश्न आहे. पकडीचा मामला मात्र पदार्थविज्ञानाच्या कचेरीत जातो, आणि तेथे हे समीकरण जसेच्या तसे मंजूर होत नाही. ज्या मोटारीने रोज कामावर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी घाटात रमायचे, तिच्या बाबतीत तर ते बरेचसे उलटेच ठरते.

या प्रश्नाच्या विचारास टोयोटा ८६ ही मोटार फार सोयीची आहे. टोयोटा आणि सुबारू यांनी संगनमताने आखलेली, गुन्मा प्रांतातील ओता येथे सुबारूच्या कारखान्यात तयार होणारी आणि सुबारूच्या नावाने बीआरझेड म्हणून विकली जाणारी ही दोन दारांची, मागल्या चाकांना शक्ती देणारी हलकी मोटार २०१२ साली बाजारात आली, तेव्हा जाणकारांमध्ये तिच्या दोन लिटर इंजिनाइतकीच तिच्या टायरांचीही चर्चा झाली. मिशेलिन कंपनीचे प्रायमसी एचपी नावाचे जे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर तिच्यावर येत, तेच प्रियस या काटकसरी संकरित मोटारीच्या काही आवृत्त्यांवरही येत असत. जपानातील सर्वांत साध्या आवृत्तीला तर १६ इंची पोलादी रिमे होती. प्रकल्पाचे मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांनी हे पैसे वाचविण्यासाठी केले असा तर्क पुष्कळांनी केला. परंतु त्यांचा उद्देश निराळा होता. ज्या वेगाने सामान्य माणूस सामान्य रस्त्यावर जातो त्याच वेगात मोटारीचे वळणे, सरकणे आणि सावरणे त्याच्या हातांना जाणवावे, यासाठी पकड मुद्दाम बेताची ठेवली होती.

टायरच्या बाजूवर कोरलेला मजकूर वाचणे अवघड नाही. २१५/४५ आर १७ ८७ डब्ल्यू यात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल रचना. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ८७ हा भारांक, म्हणजे ५४५ किलोग्रॅम पेलण्याची मर्यादा. आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाची मुभा. हिशेब केला तर भिंत सुमारे ९७ मिलिमीटर आणि संपूर्ण चाकाचा व्यास ६२५ मिलिमीटर भरतो. २२५/४० आर १८ बसविला तर तोच व्यास ६३७ होतो, म्हणजे जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच प्रमाणात मोटारीचे गिअर लांबतात, प्रवेग मंदावतो, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा पूर्वी जितके अधिक दाखवीत असे तितके दाखवेनासा होतो. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीचा दंडक आहे. म्हणून मूळ व्यासापासून फार दूर न जाणे हे शहाणपणाचे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चालकासह सुमारे १३०० किलोग्रॅम भरणाऱ्या या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी सव्वातीनशे किलोग्रॅमचा भार येतो, आणि टायरमध्ये ३५ पौंडांची हवा असेल तर तो पेलण्यास रस्त्याशी सुमारे १३० चौरस सेंटिमीटर स्पर्श पुरतो. आपल्या टपालखात्याचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे घाटातील वळणावर मोटार आणि दरी यांच्यामध्ये जो काही करार असतो, तो चार पोस्टकार्डांवर लिहिलेला असतो. टायर रुंद केला म्हणून या कार्डाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, कारण ते भार व हवेचा दाब यांच्या भागाकाराने ठरते; भिंतीच्या ताठरपणामुळे थोडा फरक पडतो इतकेच. बदलतो तो त्याचा आकार: रुंदी वाढली की लांबी घटते.

क्षेत्रफळ तेच राहते, तर रुंद टायर अधिक पकडतो कसा? गियोम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडलेल्या नियमानुसार घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि स्पर्शक्षेत्राशी त्याचा संबंध नसतो. परंतु रबर हा पदार्थ त्या नियमाचा प्रामाणिक ताबेदार नाही. रबराची पकड दोन मार्गांनी येते. एक, त्याचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात; आणि दुसरे, खडीच्या उंचवट्यांवर दबून पुन्हा उसळताना ते सारी ऊर्जा परत करीत नाही, काही उष्णतेच्या रूपाने गिळून टाकते, आणि तो तोटा सरकण्याला विरोध म्हणून प्रकट होतो. भार वाढत गेला की या दोन्ही क्रियांचे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढत नाही; दुप्पट भाराला दुप्पट पकड मिळत नाही, काहीशी कमी मिळते. वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, तेव्हा बाहेरची चाके जितके कमावतात त्याहून आतली चाके अधिक गमावतात, आणि एकंदर जमाखर्च तोट्यात जातो. रुंद टायर हा तोटा काही अंशी भरून काढतो, झीज आणि उष्णता अधिक रबरावर वाटून देतो, आणि त्यामुळे मऊ रबर वापरण्याची सवड निर्माण करतो. यातही मऊ रबराचा वाटा मोठा असतो. आणि ते मूळ मापातही विकत मिळते, ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो.

लांबट आणि आखूड कार्डांतला फरक हातांना कसा कळतो, हे विशेष पाहण्याजोगे आहे. चाक किंचित तिरके करून पुढे लोटले की रबराचा प्रत्येक कण कार्डाच्या पुढल्या कडेला रस्ता धरतो आणि मागल्या कडेकडे जाता जाता बाजूला ओढला जातो. ताण पुढे अल्प व मागे अधिक असतो, आणि सरकणेही प्रथम मागेच सुरू होते. त्यामुळे बाजूकडील बलाचा भर कार्डाच्या मध्याच्या मागे पडतो, आणि तो भरच स्टिअरिंगला सरळ येण्याची ओढ लावतो. सरकणे मागून पुढे पसरू लागले की ही ओढ घटते, स्टिअरिंग हलके पडते, आणि पकड पुरती सुटण्याच्या आधीच चालकाला त्याची वर्दी मिळते. कार्ड लांब असेल तर ही वर्दी लवकर आणि सविस्तर येते. आखूड व रुंद असेल तर मोटार हुकूम चटकन मानते, पण शेवटची मर्यादा थोड्या सूचनेनिशी ओलांडते. बंदिस्त शर्यतमार्गावर दुसरा गुण मोलाचा. ज्या रस्त्यावर समोरून शाळेची बस येते तेथे मी पहिला पत्करीन.

पावसाचेही गणित आहे. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून जे सूत्र काढले, त्यानुसार साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३५ पौंडांना तो ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. त्या सूत्रात रुंदी कोठेच नाही हे खरे. तथापि मोटारीच्या रुंद टायरला तेवढ्याच वेळात अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि तेही आखूड कार्डाच्या लांबीत, म्हणून खाचा झिजल्यावर तो अरुंद टायरच्या आधी दगा देतो.

मोठ्या रिमाचे दोष मात्र कोरड्या रस्त्यावरही टळत नाहीत. टायरची भिंत ही स्प्रिंगच असते, आणि रस्त्याचा धक्का सर्वांत आधी तीच झेलते. मुंबई-गोवा महामार्गाची पावसाळ्यातील अवस्था ज्यांनी सोसली आहे, त्यांना भिंतीचे दहा मिलिमीटर म्हणजे काय हे पटवून देण्याची गरज नाही. याच मोटारीच्या दुसऱ्या पिढीला २१५/४५ आर १७ आणि २१५/४० आर १८ अशी दोन्ही मापे कारखान्यातूनच मिळतात. रुंदी तीच असताना पहिल्याचा भारांक ८७, तर दुसऱ्याचा ८५, म्हणजे ५१५ किलोग्रॅम. भार रबर पेलीत नाही, आत कोंडलेली हवा पेलते, आणि भिंत ठेंगणी झाली की हवेलाच जागा उरत नाही. शिवाय रिम मोठे झाले की धातू अक्षापासून दूर जातो. परिघालगतचे एक किलो वस्तुमान पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून प्रवेगाच्या हिशेबात ते जवळजवळ दोन किलो धरावे लागते. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी पैसे मोजणारा माणूस त्याच महिन्यात जड रिमे बसवून ती वाया घालवितो, हा व्यवहार मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे.

रुंदीचा मोह अगदीच आवरत नसेल तर रिमाची रुंदी व ऑफसेट (म्हणजे रिमाच्या मध्यरेषेपासून ते हबला टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर) हे दोन आकडे नीट पाहावेत. कारखान्याचे रिम ७ इंच रुंद आणि ४८ मिलिमीटर ऑफसेटचे आहे. २२५/४५ आर १७ त्याच्यावर रीतसर बसतो. २४५/४० आर १७ ला मात्र किमान ८ इंचांचे रिम लागते, आणि तो अरुंद रिमावर कोंबला तर भिंत फुगून टायर डुलू लागतो. ८ इंचांचे रिम त्याच ऑफसेटने घेतले तर दोन्ही अंगांना १२.७ मिलिमीटर वाढ होते; ३५ ऑफसेटचे घेतले तर आतली बाजू जवळपास जागच्या जागी राहते आणि बाहेरची सुमारे २६ मिलिमीटर पुढे येते. चाक असे बाहेर आले की कमान झकास भरते खरी, पण स्टिअरिंगच्या अक्षापासून कार्डाचा मध्य दूर सरकतो, खड्ड्याचा प्रत्येक हिसका हातापर्यंत पोहोचतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो.

ही मोटार टोयोटाने भारतात रीतसर विकली नाही. परंतु अमेरिकेत ती विकली जाते, आणि न्यू जर्सीतील एखाद्या मराठी घराच्या गॅरेजात ती उभी असेल तर तेथील हिवाळ्याचाही विचार करणे भाग आहे. गोठून फुगणाऱ्या पाण्याने तेथले रस्ते वसंताच्या सुमारास उखडतात, आणि सात अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक पडते. अशा मालकास माझी शिफारस अशी, की हिवाळ्यासाठी जपानी साध्या आवृत्तीचेच माप, २०५/५५ आर १६, हिवाळी रबरात घ्यावे. त्याचा व्यास मूळ चाकाहून एकाच टक्क्याने अधिक आणि भिंत १६ मिलिमीटरनी उंच आहे. उन्हाळ्यासाठी १७ इंचच ठेवावेत, रुंदी २१५ किंवा फार तर २२५, आणि रिमांवर उधळावयाची रक्कम उत्तम रबरावर खर्च करावी. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही अंगांना शेवटपर्यंत फिरवून, आणि मागल्या चिमुकल्या आसनांवर दोन माणसे मावलीच तर ती बसवून, टायर आतल्या अस्तराला घासत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात स्वतः वाकून पाहावे.