परसातल्या कोंबड्या अचानक दगावल्या, तर लगेच का कळवावे?

भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यातही कोंबड्या याच रोगाने दगावल्या.

संसर्ग येतो कुठून?
रानबदकांसारखे पाणपक्षी विषाणू बाळगूनही अनेकदा आजारी दिसत नाहीत. त्यांची विष्ठा तळ्यात, डबक्यात पडते आणि मोकळ्या हिंडणाऱ्या गावरान कोंबड्या तेच पाणी पितात. मेलेले पक्षी खाणारे कावळेही बाधित होतात.

काळजी काय घ्यावी?
दाणा-पाणी छपराखाली द्यावे, सांडलेला दाणा झाडून घ्यावा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कळवले तर नुकसान होते का?
रोगाची खात्री झाली, की साधारण १ किलोमीटर परिसरातल्या कोंबड्या नष्ट केल्या जातात. त्या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. पण सरकारी भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जितका उशीर, तितकी भरपाई कमी आणि शेजारच्या खुराड्यालाही धोका.