साल गेली की झाड जाते

आमच्या गल्लीतील कडुनिंब वाळला तेव्हा सर्वांनी किडीला बोल लावला. त्याच रस्त्यावरची जुनी चिंच मात्र आतून पार पोखरलेली, ढोलीत पोपट नांदतात, आणि तरी दर चैत्रात तिला पालवी फुटतेच. गाभा गेला तरी झाड जगते, मग धडधाकट दिसणारे का मरावे? हे कोडे सुटले म्हणजे वनस्पतीच्या शरीररचनेचे निम्मे शास्त्र हाती आले असे आम्ही समजतो.

मुळे, खोड व पाने हे झाडाचे मुख्य अवयव. फुलाफळांचा विचार आज बाजूस ठेवू. मुळांच्या टोकांजवळचे बारीक केस जमिनीतील पाणी व क्षार शोषून घेतात. एकाच कामाला जुंपलेल्या पेशींच्या समूहाला शास्त्रात ऊती म्हणतात. लाकूड ही अशीच ऊती. गंमत अशी की, त्यातील जलवाहिन्यांच्या पेशी मेलेल्या असतात. जीवनरस आटून उरलेल्या त्या पोकळ नळ्याच होत. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि तिच्या ओढीने पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. हे काम बाहेरचे नवे लाकूड करते. मधला जुना गाभा केवळ आधाराचा. म्हणूनच चिंच तहानेने मरत नाही.

पानांत उन्हाच्या बळावर तयार झालेली साखर मुळांपर्यंत पोचते ती सालीच्या आतल्या अंगाच्या रसवाहिन्यांतून. या पेशी मात्र जिवंत असतात. खोडाभोवतीची साल कड्यासारखी काढली की ही वाट तुटते. पाणी वर जात राहते, पाने काही काळ हिरवी दिसतात, आणि खाली मुळे उपाशी मरतात. इटलीतील मालपिगी (१६२८–१६९४) याने अशी कडी काढून पाहिली, तेव्हा कापाच्या वरचा भाग फुगलेला त्याला आढळला. आपले माळी डाळिंबाचे गुटी कलम बांधतात ते याच तत्त्वावर. फांदीची बोटभर साल काढून तेथे ओले शेवाळ गुंडाळतात. वर अडलेल्या अन्नावर वरच्या कडेलाच मुळे फुटतात.

साल व लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ थर असतो. तो आत लाकूड व बाहेर साल घालीत जातो, म्हणून खोड जाड होते. नारळाला हा थर नाही आणि त्याच्या वाहिन्या सबंध खोडात विखुरलेल्या असतात. त्यामुळे चढण्यासाठी पाडलेल्या खाचा भरून येत नाहीत, पण त्यांनी नारळ मरतही नाही.

आता कडुनिंबाकडे वळू. गणेशोत्सवात दिव्यांसाठी त्याच्या बुंध्याला लोखंडी तार आम्हीच गुंडाळली होती, आणि सोडायची राहिली. खोड वाढत गेले, तार तेवढीच राहिली. ती सालीत रुतली, रसवाहिन्या आवळल्या गेल्या. वरच्या बाजूला मोठी गाठ आली होती, ती आम्ही रोज पाहत होतो! अशी रुतलेली तार हिसडून काढू नये, सालही सोबत निघते. ती ठिकठिकाणी कापून सैल करावी, आणि जेथे खोडाने गिळली असेल तेथील तुकडा आतच राहू द्यावा.