गरुड पाहायला गेले, कासव सापडले

सकाळचे साडेसहा वाजले असावेत. वेळासच्या किनाऱ्यावर पन्नास-साठ माणसे दोरीच्या मागे दाटीवाटीने उभी होती. समोर वाळूत उभारलेले जाळीचे कुंपण, कुंपणात रांगेने उपड्या घातलेल्या टोपल्या आणि प्रत्येक टोपलीजवळ तारखेची पाटी. कासवमित्राने वाकून पहिली टोपली उचलली. खाली वाळू होती. दुसरी उचलली. तिथेही वाळूच. तिसरी, चौथी करीत तो रांगेच्या शेवटापर्यंत गेला आणि हात झटकत परत आला. रात्रभर गाडी हाकून मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "म्हणजे आज काही नाही?" तो म्हणाला, "संध्याकाळी परत बघू या साहेब. त्यांच्या मनावर आहे."

गर्दी पांगली. काही जण चहाकडे वळले, काहींनी गाडीची वाट धरली. किनाऱ्यावर मागे राहिली ती गळ्यात दुर्बिणी अडकवलेली सहा-सात मंडळी. ती काही निराश वगैरे झालेली दिसत नव्हती. त्यांनी सरळ समुद्राकडे पाठ केली आणि गावामागच्या उंच झाडांवर दुर्बिणी रोखल्या. पक्षी पाहणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परतायची सवय असते. किंबहुना त्या सवयीशिवाय हा छंद टिकत नाही.

माघ-फाल्गुन-चैत्र हे दिवस कोकणातल्या पक्षीमित्रांच्या धावपळीचे. पांगारा आणि सावर फुललेली असते आणि एकेका झाडावर मैना, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड उडालेली असते. थंडीत आलेले कुरव अजून खाडीच्या मुखाशी असतात, पण त्यांच्या पांढऱ्या डोक्यांवर हळूहळू चॉकलेटी रंग चढू लागलेला असतो. परतीच्या प्रवासाआधीचा हा पोशाख. तो पुरता चढला, की एके दिवशी खाडी रिकामी होते. नवख्यांना घेऊन जायला याहून बरा काळ नाही. एकच पक्षी पंधरा दिवसांत वेश कसा बदलतो हे त्यांना डोळ्यांनी दिसते. पुस्तकातले चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाहीत म्हणून हिरमुसलेली मुलेही मग उत्साहाने वाद घालू लागतात.

पण या दिवसांचे खरे काम म्हणजे घरट्यांची खबर ठेवणे. धनेशाची मादी याच सुमारास झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. फटीएवढी जागा उरते, तीतून नर तिला आणि पुढे पिलांना फळे भरवतो. अशी ढोली असते ती जुन्या बेहड्याला, सातविणीला, आंब्याला; आणि कोकणातले पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे. मालकाने झाड विकले की ढोली गेली. नर जंगलातून चोचीत फळ घेऊन येतो तेव्हा झाडच नसते. त्यामुळे धनेशाचे घरटे शोधणे म्हणजे अर्धे पक्षीनिरीक्षण आणि अर्धे सातबारा-निरीक्षण, असे मी गमतीने म्हणतो. मालक कोण, वाटणी झाली आहे का, मुंबईचा भाऊ काय म्हणतो, हे सगळे कळल्याशिवाय त्या पक्ष्याचे पुढल्या वर्षीचे काही सांगता येत नाही.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या खाडीजवळचे गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून त्याची जुनी ओळख. पक्षीमित्रांना ते माहीत झाले ते मात्र समुद्रगरुडामुळे. राखी पाठीचा, पांढऱ्याशुभ्र पोटाचा हा भला थोरला शिकारी पक्षी. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे प्रचंड घरटे रचतो आणि वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करून वापरतो. मासे खातो, समुद्रसापही खातो. घरट्याखाली उभे राहिलात तर खाली पडलेले सापांचे मणके सापडतात. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ साली सुरू झाली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी या गरुडाची घरटी शोधत किनारा पायी पालथा घालू लागले. वेळासच्या गरुडांच्या विणीवरची त्यांची नोंद १९९८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. कोणत्या झाडावर, किती उंचीवर, अंडी कधी, पिल्लू कधी उडाले. रुक्ष वाटणारे हे तपशील मिळवायला किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याने एसटीने दापोली-मंडणगड केले आहे त्यालाच कळेल.

याच भटकंतीत, २००२ साली, त्यांना वाळूत कासवांच्या विणीच्या खुणा दिसल्या. आणि लुटलेली घरटीही.

इथे मला थोडे माझे सांगितले पाहिजे. माझे आजोळ याच किनाऱ्यावरचे, वेळासच्या बरेच खाली. लहानपणी मी कासवाची अंडी खाल्ली आहेत. मामा पहाटे किनाऱ्यावर जायचा. वाळूत चाकाच्या माग असावा तसा कासवाचा माग असायचा. त्या मागाच्या शेवटी मामा काठी खुपसून पाही. काठी अचानक सैल गेली की हाताने उकरायचे. पंचा भरून अंडी घरी यायची, पिंगपाँगच्या चेंडूंसारखी गोल, पण कवच मऊ. आजी ती उकडायची. त्या अंड्याची गंमत अशी, की कितीही वेळ उकडा, आतला पांढरा भाग घट्ट होत नाही. पातळच राहतो. आम्ही मुले कवचाला भोक पाडून ते चोखायचो आणि हसायचो. घरात कुणाला यात काही वावगे वाटले नाही. समुद्राने दिले, आपण घेतले. मासा घ्यावा तसेच.

एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. मामा एकेका हंगामात किती घरटी काढायचा ते मी कधी विचारले नाही. आज हिशोब करायला बसलो तर आकडा नको वाटतो. अंड्यातून निघून समुद्रात गेलेल्या हजार पिलांमागे एखादेच मोठे होते असे म्हणतात, आणि त्यालाही अंडी घालण्याइतके वाढायला दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे माझ्या बालपणी जी अंडी आम्ही खाल्ली, त्यांची उणीव किनाऱ्याला जाणवली ती मी कॉलेजात असताना. तोवर मामाही थकला होता आणि कासवेही कमी झाली होती. "हल्ली येत नाहीत," एवढेच तो म्हणायचा. जणू त्यांनीच येणे सोडले होते.

म्हणूनच 'सह्याद्री'वाल्यांनी वेळासला जे केले त्याचे मला अप्रूप वाटते. त्यांनी अंडी काढणाऱ्यांवर पोलीस घातले नाहीत. कायदा होताच, ऑलिव्ह रिडले कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसलेले. पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा नसतो, माणूस असतो. तेव्हा ज्यांना माग काढता येतो त्यांनाच राखणीला घेतले. अंडी त्यांनीच शोधायची, पण बाजारात न नेता कुंपणातल्या खड्ड्यात पुरायची. खड्डा मूळच्याच आकाराचा, सुरईसारखा, मूळच्याच खोलीचा. अंडी घातल्यापासून काही तासांत हलवायची, हलवताना फिरवायची नाहीत. पहिल्या हंगामात पन्नास घरटी राखली आणि अडीच हजारांहून अधिक पिले पाण्यात गेली.

किनाऱ्यावर त्या दिवशी भेटलेल्या एका म्हाताऱ्यांना मी विचारले, "काका, तुम्ही पूर्वी अंडी काढायचात?"

"काढायचो की. लपवायचं काय त्यात?" ते म्हणाले. "तुम्ही खाल्लीत कधी?"

मी होय म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि मग त्यांचा सूरच बदलला. तोवर मी शहरातला पाहुणा होतो. मग त्यांनी मला वाळूत बसवून दाखवले, मादी मागच्या पायांनी खड्डा कसा खणते, अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी कसे गळते ("ते मीठ बाहेर टाकतं, रडत नाही, पण आमच्या आईला तसं सांगून पटायचं नाही"), आणि जाताना अंगाच्या भाराने वाळू कशी चोपते. "आता पोरं रात्री फिरतात. मी पहाटेचा जातो. झोप तशीही लागत नाही."

अंडी उबायला साधारण पन्नास दिवस. वाळू किती तापते यावर पिलू नर की मादी ते ठरते. जास्त ऊब मिळाली तर माद्या अधिक. थंडीत घातलेल्या अंड्यांची पिले म्हणूनच शिमग्याच्या आसपास बाहेर पडतात. पालखी नाचवायला चाकरमानी गावात आलेले असतात आणि त्याच दिवसांत ही पिलेही निघतात. २००६ पासून या दिवसांत वेळासला कासव महोत्सव भरू लागला. लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, पानावर मोदक खातात. अंड्यांवर मिळत नव्हते त्याहून बरे पैसे एका हंगामात घराघरात येतात. हे काम पुढे गुहागर, आंजर्ले अशा गावोगावी पसरले आणि आता वनविभाग, कांदळवन कक्ष आणि ठिकठिकाणचे कासवमित्र ते पाहतात.

सगळे गोड आहे असे मात्र मी लिहिणार नाही. मोबाइलचे दिवे, वाळूत शिरणाऱ्या गाड्या, दोरीखालून वाकून फोटो काढणारी माणसे यांनी राखणदारांच्या नाकी नऊ येतात. त्याहून मोठी गोष्ट दगडी बंधाऱ्यांची. समुद्र जमीन खातो म्हणून जागोजाग किनाऱ्यावर दगड रचले जातात. बागायतदाराचे दुःख खोटे नाही. नारळ डोळ्यांदेखत पाण्यात जातो. पण कासवाची मादी दगड चढू शकत नाही. ती दगडापर्यंत येते, डोके आपटल्यासारखी थांबते आणि वळून जाते. यावर कुणाकडे सोपे उत्तर नाही आणि पर्यटनाच्या पत्रकात हा विषय नसतो.

'सह्याद्री'चे दुसरे वासंतिक काम याहून अवघड, कारण तिथे पाहुणे येत नाहीत. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात काही खडकाळ बेटे आहेत. एकावर दीपगृह आहे. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते ॲलन ह्यूम जबरे पक्षीतज्ज्ञ होते. तेही एकोणिसाव्या शतकात या बेटांवर येऊन गेले. विसाव्या शतकात हुमायून अब्दुलअली आले. इथल्या काळोख्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. ही पाकोळी अंधारात टकटक असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखते. तिचे घरटे म्हणजे तिची लाळ, त्यात थोडी पिसे आणि शेवाळ. लाळ वाळली की खडकाला वाटीसारखे चिकटून बसते. आत दोन अंडी. घरट्याला पूर्वेकडच्या देशांत सूपासाठी भाव. या शतकाच्या आरंभी संस्थेचे लोक तिथे पोहोचले, तेव्हा गुहेत बांबूच्या पराती बांधलेल्या होत्या. त्यावर चढून घरटी खरवडली जात होती. घरटे गेले की पाकोळी पुन्हा लाळ गाळते, पुन्हा बांधते. तेही गेले की हंगाम संपतो. प्रकरण वनखात्याकडे गेले आणि विणीच्या महिन्यांत पहारा सुरू झाला. उघड्या खडकावर, सावली नाही, गोडे पाणी बोटीतून न्यायचे, आणि समुद्र खवळला तर परतायचे नाही. पक्षीमित्र संस्था म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर टोपी आणि दुर्बीण येते, खडकावर रात्र काढणारा माणूस येत नाही.

कासवांचे पुढे काय होते, याचे उत्तर अलीकडे थोडे मिळू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले आणि तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. त्याहून मोठे नवल जानेवारी २०२५ मधले. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ साली पायाला ओळखपट्टी लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. मध्ये सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा समुद्र. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे निराळी, ही समजूत त्या एका पट्टीने ढिली केली. मला मात्र बातमी वाचताना आठवली ती पट्टी वाचणाऱ्या माणसाची. रात्री, विजेरीच्या उजेडात, कुणीतरी वाकून तो आकडा वहीत उतरवला म्हणून हे कळले.

दुपारी आम्ही गरुडाच्या झाडाखाली बसलो. घरट्यात एक वाढलेले पिलू काठावर उभे राहून पंख नुसते हलवत होते. उडायची हिंमत होत नव्हती. मादी समोरच्या फांदीवर मासा धरून बसली होती. ती तो पिलाला देत नव्हती आणि स्वतःही खात नव्हती. आमच्यातल्या शाळकरी मुलीने वेळ लिहून ठेवली. पाऊण तासाने मादीने मासा स्वतः खाल्ला. मुलगी फार रागावली.

संध्याकाळी सहाला पुन्हा दोरीमागे उभे राहिलो. सकाळच्या निम्मीही माणसे नव्हती. तिसरी टोपली उचलली आणि खालची वाळू हलताना दिसली. एक काळे टोक, मग दुसरे. एकंदर अकरा पिले निघाली. ती काढून ओल्या वाळूच्या अलीकडे सोडली. उचलून पाण्यात का ठेवत नाहीत, असे कुणीतरी विचारले. चालत जाताना किनारा त्यांच्या ध्यानात राहतो असे मानतात, म्हणून चालू देतात. दहा सरळ गेली. अकरावे उलटे, आमच्याच दिशेने येऊ लागले. लाट आली आणि त्याला फिरवून ठेवून गेली, तरी ते पुन्हा वळले. सकाळचे ते काका उकिडवे बसून बघत होते. "जाईल, जाईल," ते म्हणाले. तिसऱ्या लाटेला ते गेले.

कासवमित्राने वहीत तारीख, घरट्याचा क्रमांक आणि अकरा हा आकडा लिहिला, आणि टोपली पुन्हा उपडी घातली. त्या घरट्यातली बाकीची अजून आत होती.