हातभर अंतरावरची लावणी

पुण्यात नाच-गाणं बघायचं तर कुठं जावं, असं विचारलं की पहिलं नाव निघतं बालगंधर्व रंगमंदिराचं. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९६८ मध्ये ते सुरू झालं. खास महिलांसाठी ठेवलेला लावणीचा खेळ मी तिथंच पहिल्यांदा पाहिला, आईला सोबत घेऊन. आयुष्यात कधी तमाशाच्या वाटेला न गेलेली आई तिसऱ्या लावणीला खुर्चीतून उठून नाचायला लागली. कथकही या शहरात मुबलक बघायला मिळतं. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था सुरू केली, तिथपासूनची ती पुण्याई.

पण लावणी मला कळली ती संगीत बारीत. तमाशाच्या फडात गण, गवळण, वग असतो. इथं फक्त गाणं आणि अदा. पुण्यातलं आर्यभूषण थिएटर किंवा सोलापूर रस्त्यावरचं चौफुला, अशा ठिकाणी एकेका मालकिणीची पार्टी मुक्कामाला असते. पार्ट्या आळीपाळीनं रंगमंचावर येतात. पेटी, तबला, ढोलकी मागे बसतात आणि बाई स्वतः गाते. फर्माईश करणारा पैसे देतो, ती दौलतजादा. त्यातून थिएटरचा वाटा जातो आणि उरलेल्यात वाजवणाऱ्यांसकट सगळ्यांचं घर चालतं. म्हणून तिथं फुकटची फर्माईश करू नये, आणि मोबाइल खिशातच ठेवावा.

आम्ही पाचजणी मैत्रिणी ओळखीनं चौफुल्याला एका खोलीतल्या बैठकीला गेलो होतो. गाणाऱ्या ताई पन्नाशीच्या. एक पाय मुडपून, नऊवारीचा घोळ पुढं पसरून बसल्या. एकच ओळ त्यांनी सात-आठ वेळा घेतली. एकदा नुसती भुवई उचलली, एकदा पदराचं टोक बोटावर गुंडाळलं, एकदा मान वळवून दाराकडं असं पाहिलं की आम्हीही वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं! शब्द तेच, पण दर वेळी बाई वेगळी: रुसलेली, वाट बघून थकलेली, मग एकदम खट्याळ. यालाच अदाकारी म्हणतात, आणि ती विसाव्या रांगेतून दिसत नाही. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती याच बैठकीच्या परंपरेतल्या गाण्यासाठी. शास्त्रीय मैफलीला देतो तेवढाच मान या गाण्याला द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गाणं संपल्यावर ताईंनी पाण्याचा घोट घेतला. ढोलकीवाल्यानं दोरी ताणून घेतली.

"आता उभं राहून खडी लावणी करू का?" त्यांनी घुंगरांच्या पट्ट्याकडं हात नेत विचारलं.

"नको ताई," आम्ही पाचहीजणी एकदम म्हणालो, "बसूनच म्हणा."